ग्राहकांचे अभिप्राय आणि स्थानिक बर्गरगृहाचे नाव : एक चिकित्सक अभ्यास
(पुण्यातील ‘बर्गर किंग’ प्रकरण व सोलापूर शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

खाद्यपदार्थाविषयी व्यक्त होणारे मत ही समीक्षेची सर्वांत जुनी आणि तितकीच दुर्लक्षित राहिलेली पायरी होय. भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात रसाची संकल्पना विशद करताना नाना व्यंजनांनी युक्त असे अन्न खाऊन आनंद पावणाऱ्या सुमनस पुरुषाचा दृष्टान्त दिला आहे. मराठी समीक्षेत रूढ झालेले ‘आस्वाद’, ‘रसिक’, ‘रुची’, ‘अभिरुची’ हे शब्दही मुळात जिभेशी नाते सांगणारे आहेत. असे असूनही उपाहारगृहात प्रत्यक्ष खाणाऱ्या माणसाच्या अभिप्रायाकडे अभ्यासविषय म्हणून क्वचितच पाहिले गेले. चांगले लागले किंवा लागले नाही, एवढ्यावर तो विषय संपतो असे मानले जाते.

वास्तविक हा अभिप्राय तेवढ्यावर संपत नाही. एखाद्या साध्या, स्थानिक खाद्यगृहाला जो लौकिक प्राप्त होतो, तो त्याच्या ग्राहकांनी वर्षानुवर्षे एकमेकांना सांगितलेल्या मतांतूनच घडतो. या लौकिकावर दुसऱ्या कोणी हक्क सांगितला, तर ग्राहकांच्या मताला काही किंमत उरते काय, असा प्रश्न पुण्यातील ‘बर्गर किंग’ या खाद्यगृहाच्या बाबतीत निर्माण झाला आणि तो २०११ पासून न्यायालयापुढे आला. सोलापूरपासून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतरावर असून हुतात्मा एक्सप्रेसने शिक्षण व नोकरीनिमित्त ये-जा करणाऱ्या तरुण वर्गामुळे पुण्यातील खाण्याच्या सवयी सोलापुरात सहज पोहोचतात. त्यामुळे पुण्यातील या प्रकरणाचा विचार सोलापूरच्या संदर्भात करणे उपयुक्त ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) स्थानिक बर्गरगृहाविषयीच्या ग्राहकाभिप्रायांचे स्वरूप व त्यांतील मूल्यनिकष स्पष्ट करणे.
२) साखळी उपाहारगृह व स्थानिक खाद्यगृह यांच्याविषयीच्या अभिप्रायांतील भेद तपासणे.
३) पुण्यातील ‘बर्गर किंग’ प्रकरणाच्या आधारे ग्राहकाभिप्राय व नावाचा हक्क यांतील संबंध शोधणे.
४) या विवेचनाचा सोलापुरातील लहान खाद्यव्यवसायांच्या दृष्टीने विचार करणे.

प्रस्तुत लेखासाठी विवेचनात्मक व तौलनिक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे. हा लेख म्हणजे आकडेवारीवर आधारित सर्वेक्षण नव्हे. अभिप्रायांची भाषा, प्रकरणातील प्रसिद्ध घटनाक्रम आणि संबंधित कायद्यातील तरतुदी यांपुरतीच त्याची व्याप्ती मर्यादित आहे.

बर्गरचे भारतीय रूप

बर्गर हा पदार्थ महाराष्ट्रात आला तेव्हा त्याची जागा रिकामी नव्हती. पाव आणि त्यामध्ये भरलेला गरम पदार्थ ही कल्पना मराठी माणसाला वडापावाने आधीच परिचित करून दिली होती. ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘मॅकडोनाल्ड्स’ने दिल्ली व मुंबई येथे भारतातील आपली पहिली दालने सुरू केली. या कंपनीला गोमांस व डुकराचे मांस वगळून भारतीय ग्राहकांसाठी वेगळी पदार्थसूची तयार करावी लागली, आणि बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर हा तिचा येथील सर्वपरिचित पदार्थ ठरला. जागतिक साखळीलाही स्थानिक जिभेपुढे नमते घ्यावे लागले, हे यावरून स्पष्ट होते.

मात्र पुण्याच्या कॅम्प भागात बर्गर याहून आधी रुजला होता. छावणी वस्ती, इराणी व पारशी मंडळींची उपाहारगृहे, बेकऱ्या आणि पाव-मांसाहाराची जुनी सवय यांमुळे या भागात बर्गरला अनुकूल भूमी लाभली. येथील एका इराणी दांपत्याने १९९२ च्या सुमारास ‘बर्गर किंग’ या नावाने खाद्यगृह सुरू केले. पुढे कॅम्प व कोरेगाव पार्क अशा दोन्ही भागांत ते पुणेकरांच्या परिचयाचे झाले. अमेरिकेत १९५४ पासून याच नावाने व्यवसाय करणाऱ्या कंपनीचे भारतातील पहिले दालन सुरू झाले ते नोव्हेंबर २०१४ मध्ये. म्हणजेच पुण्यातील ग्राहकांच्या दोन दशकांहून अधिक काळच्या बोलण्यात ‘बर्गर किंग’ या शब्दाने जे ठिकाण सूचित होत होते, ते कॅम्पातील होते.

अभिप्रायांचे स्वरूप व निकष

स्थानिक बर्गरगृहाविषयी ग्राहक जे बोलतात त्याकडे लक्ष दिल्यास काही निकष वारंवार आढळतात. चव हा पहिला निकष असला तरी तो एकटा कधीच येत नाही. बर्गरचा आकार, आतील भरणाचे प्रमाण, पावाचा ताजेपणा, दर, वाट पाहावी लागण्याचा वेळ, बसण्याची सोय, स्वच्छता आणि गल्ल्यावरील माणसाची वागणूक या सर्वांचा मिळून एक अभिप्राय बनतो. ‘पैसे वसूल’ हा सर्वसामान्य शब्दप्रयोग या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यात चव, दर आणि भरलेले पोट या तिहींचा एकत्रित हिशेब मांडलेला असतो. स्वतःच्या मर्यादित कमाईतून बाहेर खाणारा विद्यार्थी हा हिशेब अधिक काटेकोरपणे करतो.

दुसरा लक्षणीय उद्गार म्हणजे ‘पूर्वीसारखी चव राहिली नाही’. वरवर पाहता ही निंदा आहे. परंतु असे म्हणणारा ग्राहक त्या ठिकाणी पूर्वी अनेकदा गेलेला असतो, पूर्वीची चव त्याने स्मरणात जपलेली असते, आणि तीच त्याने प्रमाण मानलेली असते. ज्या खाद्यगृहाला भूतकाळ नाही त्याच्याविषयी हा उद्गार संभवत नाही. त्यामुळे या तक्रारीतून त्या खाद्यगृहाच्या लौकिकाचे एक प्रमाणही मिळते. तथापि हा उद्गार नेहमीच विश्वसनीय असतो असेही नाही. महाविद्यालयीन वयात मित्रांसमवेत खाल्लेल्या पदार्थाची चव त्या वयापासून वेगळी करता येत नाही. पदार्थ तोच राहिला आणि खाणारा बदलला, ही शक्यता अभ्यासकाने लक्षात घेणे आवश्यक आहे.

साखळी उपाहारगृह व स्थानिक खाद्यगृह यांच्या प्रशंसेची वाक्ये शेजारी ठेवल्यास एक मूलभूत भेद दिसून येतो. साखळी उपाहारगृहाविषयी ‘कुठेही जा, सारखेच मिळते’ असे म्हटले जाते. स्थानिक खाद्यगृहाविषयी ‘असे दुसरीकडे कुठे मिळत नाही’ असे म्हटले जाते. पहिल्या वाक्यात समानतेची हमी आहे, तर दुसऱ्यात एकमेवतेचा अभिमान आहे. ही दोन्ही वाक्ये प्रशंसेची असली तरी त्यांची मूल्ये परस्परविरोधी आहेत. साखळीतील दालनाला वेगळेपणा हा दोष ठरतो. दिल्लीतील बर्गर पुण्यात वेगळा लागला तर ग्राहक तक्रार करतो. स्थानिक खाद्यगृहाला मात्र सारखेपणा मारक ठरतो. म्हणून एकाच मोजपट्टीने, विशेषतः पाचपैकी किती तारे या पद्धतीने, दोहोंचे मूल्यमापन करणे हे समीक्षादृष्ट्या सदोष होय. बसण्याची गैरसोय म्हणून कापलेला एक तारा आणि चव बिघडली म्हणून कापलेला एक तारा बेरजेत सारखेच दिसतात. अभिप्रायातील कारण त्या बेरजेत नाहीसे होते.

‘बर्गर किंग’ प्रकरणाचा घटनाक्रम

अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये पुण्यातील खाद्यगृहाविरुद्ध पुणे जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. नावाच्या वापरास मनाई करावी आणि २० लाख रुपये नुकसानभरपाई मिळावी, अशी मागणी त्यात होती. जानेवारी २०१२ मध्ये अंतरिम मनाई हुकूम देण्यात आला. पुढे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. पुण्यातील खाद्यगृह १९९२ च्या सुमारापासून हे नाव वापरीत आहे, कंपनीची भारतातील दालने मात्र २०१४ पासूनची आहेत, ही बाब या निकालात महत्त्वाची ठरली. कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात अपील केले. ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पूर्वीची मनाई तात्पुरती पुन्हा लागू केली आणि २ डिसेंबर २०२४ रोजी अपिलाचा निर्णय होईपर्यंत ती कायम ठेवली. त्याच वेळी उभय पक्षांनी मागील दहा वर्षांची करविषयक कागदपत्रे जपून ठेवावीत, असेही सांगितले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अंतरिम आदेशाला स्थगिती दिली व उच्च न्यायालयातील अपिलाची सुनावणी चालू राहण्यास मोकळीक ठेवली.

या घटनाक्रमाचा अर्थ असा की, १९९२ पासून २०१२ पर्यंत हे नाव निर्वेध होते. त्यानंतर ते वर्ज्य झाले, २०२४ मध्ये अल्पकाळ मोकळे झाले, पुन्हा वर्ज्य झाले, आणि २०२५ मध्ये पुन्हा मोकळे झाले. या काळात खाणारा ग्राहक आणि खाद्यगृह हे दोन्ही तेच होते. न्यायालयाचा हुकूम फलकावरील अक्षरांना लागू होतो. ग्राहकाच्या बोलण्यातील नावाला तो लागू होऊ शकत नाही. फलक आणि बोली यांतील हे अंतर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

कायद्यातील ग्राहक

व्यापारचिन्हाच्या कायद्यात ग्राहकाला मध्यवर्ती स्थान असल्याचे सामान्यतः मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या ‘अमृतधारा’ प्रकरणात ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधनामांची तुलना करताना साधारण बुद्धीचा व अपुऱ्या स्मरणशक्तीचा ग्राहक हा मापदंड मानला. दोन्ही नावे शेजारी ठेवून त्यांची चिकित्सा करणारा विद्वान तेथे अभिप्रेत नाही. पूर्वी ऐकलेले नाव अंधुकपणे आठवून खरेदी करणारा माणूस अभिप्रेत आहे. उपाहारगृहात जाणारा ग्राहकही नेमका असाच असतो.

परंतु अधिक खोलात गेल्यास वेगळे चित्र दिसते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार नोंदणीकृत चिन्ह आणि वापरलेले चिन्ह एकरूप असेल, तसेच वस्तू वा सेवाही एकरूप असतील, तर ग्राहकांचा गोंधळ होईल असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. म्हणजे ज्या ठिकाणी नावे तंतोतंत सारखी आहेत, तेथे प्रत्यक्ष ग्राहकाला विचारण्याची गरज कायद्याला भासत नाही. याउलट नोंदणीवर नव्हे तर लौकिकावर आधारलेल्या दाव्यात ग्राहकाचे मत निर्णायक ठरते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टोयोटा कंपनीच्या ‘प्रिअस’ या नावासंबंधीच्या प्रकरणात परदेशातील कीर्ती पुरेशी नसून भारतातील ग्राहकांमध्ये तो लौकिक संबंधित काळी पोहोचलेला असला पाहिजे, अशी भूमिका घेतली. या प्रकरणात कंपनीच्या जागतिक कीर्तीहून येथील ग्राहकाला त्या वेळी काय ठाऊक होते याला महत्त्व मिळाले.

पूर्ववापरकर्त्याला कलम ३४ चे संरक्षण आहे. मात्र ते मिळण्यासाठी त्याचा वापर नोंदणीधारकाचा प्रथम वापर किंवा नोंदणी यांपैकी जे आधीचे असेल त्याच्याही आधीपासून असावा लागतो. अमेरिकन कंपनीची भारतातील नोंदणी १९७९ पासूनची सांगितली जाते. त्यामुळे १९९२ चा वापर हा २०१४ च्या तुलनेत पूर्वीचा असला तरी १९७९ च्या तुलनेत तो पूर्वीचा ठरत नाही. या प्रकरणातील खरी अडचण येथे आहे. कागदावरील कालगणना आणि ग्राहकाच्या अनुभवातील कालगणना या दोन भिन्न आहेत. आणखी एक बाब विचारात घेतली पाहिजे. १९५८ च्या जुन्या कायद्यात केवळ वस्तूंच्या चिन्हांची नोंदणी होत असे. उपाहारगृहासारख्या सेवेच्या नावाची नोंदणी करण्याची सोय नवा कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आल्यानंतरच उपलब्ध झाली. १९९२ मध्ये खाद्यगृह सुरू करणाऱ्याला सेवा म्हणून आपले नाव नोंदविण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. त्या काळात त्याच्या नावाची नोंद झाली ती ग्राहकांच्या तोंडी.

येथे कंपनीची बाजूही न्याय्यपणे पाहिली पाहिजे. नोंदणीकृत नावाला संरक्षण नसेल तर कोणीही प्रसिद्ध नावाचा फलक लावून ग्राहकाची फसवणूक करू शकेल. कायद्याचे हे संरक्षण अंतिमतः ग्राहकासाठीच आहे. शिवाय २०१४ नंतर कंपनी भारतात आल्यावर ‘बर्गर किंगला भेटू’ या वाक्याचा अर्थ पुण्यात संदिग्ध होण्याची शक्यता नाकारता येत नाही. समानतेची हमी अपेक्षून आलेला ग्राहक एकमेवतेच्या दारात उभा राहिला तर त्याची निराशाही होऊ शकते. म्हणून ग्राहकाच्या मनात गोंधळ होता काय, या प्रश्नाचे उत्तर १९९२ मध्ये एक, २०११ मध्ये दुसरे आणि २०१४ नंतर तिसरे असे असू शकते. ज्या अभिप्रायाला तारीख नाही त्याच्या आधारे या प्रश्नाचा निर्णय करता येत नाही. कोणी, कोठे आणि कधी खाल्ले, या तीन गोष्टी स्पष्ट असलेला अभिप्रायच पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

सोलापूरच्या संदर्भात विचार

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषांचे शहर आहे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिखट रस्सा यांवर येथील जीभ घडलेली आहे. महाविद्यालयांच्या परिसरात, बेकऱ्यांतून व हातगाड्यांवर मिळणारा बर्गर येथील ग्राहक याच जिभेने पारखतो. ‘तिखट नाही’ हा सोलापूरकराचा आक्षेप बर्गर बनविणाऱ्याच्या कौशल्याविषयी जेवढे सांगतो, त्याहून अधिक ग्राहकाच्या रुचिसंस्काराविषयी सांगतो. असा अभिप्राय चुकीचा मानण्याचे कारण नाही. तो कोणत्या परंपरेतून आला आहे हे ओळखून वाचला पाहिजे. बाहेरच्या मापाने येथील बर्गर कमी ठरेल आणि येथील मापाने बाहेरचा बर्गर कमी ठरेल. समीक्षेचे काम ही दोन्ही मापे उघड करणे हे आहे.

नाव आणि लौकिक यांचा प्रश्न सोलापूरला नवा नाही. ‘सोलापुरी चादर’ हे नाव येथील विणकरांच्या कष्टाने आणि देशभरातील ग्राहकांच्या विश्वासाने मोठे झाले. दुकानात ‘सोलापुरी दाखवा’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाने त्या नावाला गुणाचा अर्थ दिला. पुढे अन्यत्र तयार झालेली चादरही याच नावाने विकली जाते, ही येथील उत्पादकांची तक्रार राहिली. भौगोलिक निर्देशनाच्या नोंदणीमुळे चादरीला आणि टॉवेलला कायद्याचे संरक्षण मिळाले. दोन्ही उदाहरणांत नाव घडविणारा ग्राहकच आहे. फरक असा की, चादरीचे नाव गावाचे असल्यामुळे ते सामूहिक हक्क म्हणून नोंदविता आले. एका खाद्यगृहाच्या नावामागे असा समूह उभा नसतो. त्याचे ग्राहक विखुरलेले असतात आणि त्यांचे अभिप्राय हवेत विरून जातात.

सोलापुरातील अनेक लहान खाद्यगृहे आज तोंडी लौकिकावर उभी आहेत. त्यांची नावे परदेशी वळणाची, एकमेकांसारखी किंवा एखाद्या प्रसिद्ध नावाची आठवण करून देणारी असू शकतात. आपल्याला कोण विचारणार, या समजुतीने नावाचा विचार केला जात नाही. पुण्यातील दोन खाद्यस्थळांच्या व्यवसायालाही तेरा वर्षांहून अधिक काळ न्यायालयात उभे राहावे लागले, ही वस्तुस्थिती पाहता ही समजूत धोक्याची आहे.

निष्कर्ष

१) स्थानिक बर्गरगृहाविषयीचा ग्राहकाभिप्राय हा चव, दर, प्रमाण, वागणूक व स्मरण यांचा संयुक्त निर्णय असतो. तो एका आकड्यात व्यक्त होऊ शकत नाही.
२) साखळी उपाहारगृहाच्या प्रशंसेचे मूल्य समानता, तर स्थानिक खाद्यगृहाच्या प्रशंसेचे मूल्य एकमेवता हे आहे. दोहोंना एकच मोजपट्टी लावणे अयोग्य होय.
३) खाद्यगृहाचा लौकिक ग्राहक घडवितो. मात्र नोंदणीवर आधारित दाव्यात, नाव व सेवा एकरूप असताना, कायदा ग्राहकाला न विचारता गोंधळ गृहीत धरतो. ग्राहकाच्या मताला पूर्ण वाव मिळतो तो लौकिकावर आधारित दाव्यात.
४) काळ व स्थळ यांची नोंद नसलेला अभिप्राय आस्वाद म्हणून खरा असला तरी पुरावा म्हणून दुर्बल ठरतो.
५) सोलापुरातील लहान खाद्यव्यावसायिकांनी नावाची निवड करताना पूर्वनोंदणी तपासणे, सेवा म्हणून नावाची नोंदणी करणे, परवाने, देयके, जुन्या दरपत्रिका व जाहिराती जतन करणे आणि ग्राहकांचे अभिप्राय दिनांकासह नोंदवहीत घेणे हितावह आहे.

समारोप

ग्राहकाने खाल्ले, दाद दिली आणि दुसऱ्याला सांगितले, या साध्या क्रियेतून नाव जन्माला येते. ते नाव टिकविण्याची जबाबदारी मात्र एकट्या ग्राहकावर टाकता येत नाही. व्यावसायिकाने ते वेळीच नोंदविले पाहिजे, कायद्याने त्यामागील अनुभवाची दखल घेतली पाहिजे, आणि अभ्यासकाने त्या अनुभवाची भाषा गांभीर्याने वाचली पाहिजे. अपिलाचा निर्णय कोणत्याही बाजूने लागला तरी १९९२ पासून पुण्यातील ग्राहकांनी त्या दाराशी उभे राहून जे मत बनविले, ते त्यांचे स्वतःचे आहे. सोलापुरातील प्रत्येक गाडीवर आणि प्रत्येक छोट्या दुकानात आज असेच मत बनत आहे. त्याची नोंद ठेवणे हे स्थानिक संस्कृतीच्या अभ्यासाचे एक आवश्यक अंग ठरावे.